पावसाचे आकडे आणि त्यांचे वर्ग

नांदेड जिल्ह्यात १६ आणि लातूर जिल्ह्यात १० तालुके आहेत. या २६ तालुक्यांच्या पावसाचा तक्ता संगणकात भरला, तर त्यात काही रकाने संख्यांचे असतात, काही शब्दांचे. ‘आर’ ही संख्याशास्त्रासाठी रचलेली संगणकभाषा अशा प्रत्येक रकान्याला एक वर्ग देते. वर्ग म्हणजे जणू डब्यावर चिकटवलेली चिठ्ठी. ‘समरी’ म्हणजे सारांश काढण्याची आज्ञा. संख्यांच्या रकान्यावर ती चालवली, की किमान, मध्यक, सरासरी, कमाल मिळते. शब्दांचा रकाना ‘फॅक्टर’ वर्गाचा असेल, तर तीच आज्ञा प्रत्येक शब्द किती वेळा आला ते मोजून देते. आज्ञा फक्त चिठ्ठी वाचते आणि त्या वर्गासाठी लिहिलेल्या कृतीकडे काम सोपवते.

आता वारशाकडे वळू. भारतीय हवामान विभागाच्या वर्गवारीत सरासरीपेक्षा १९ टक्क्यांपर्यंत कमी-अधिक पाऊस सामान्य, २० ते ५९ टक्के कमी म्हणजे तूट आणि ६० ते ९९ टक्के कमी म्हणजे मोठी तूट. हे शब्द आहेत, पण त्यांना क्रमही आहे. तो क्रम आपण सांगितला, की चिठ्ठीवर दोन नावे येतात : आधी ‘ऑर्डर्ड’, मग ‘फॅक्टर’. ऑर्डर्डसाठी समरीची वेगळी कृती लिहिलेलीच नाही. म्हणून आर पुढचे नाव पाहते आणि फॅक्टरची कृती वापरते. यालाच वारसा म्हणायचे. ‘सर्वांत वरचा प्रकार कोणता?’ याची कृती मात्र ऑर्डर्डकडे स्वतःची आहे. साध्या फॅक्टरला हा प्रश्न विचारला, तर आर चूक दाखवून थांबते, आणि ते योग्यच आहे.

ही रीत मुळात अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत जॉन चेंबर्स आणि सहकाऱ्यांनी घडवलेल्या ‘एस’ या भाषेतली. ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन यांनी १९९० च्या दशकात आर रचली, तेव्हा ती तिच्यात आली.

चिठ्ठीकडे दुर्लक्ष केले तर काय होते? समजा, एका रकान्यात ११२, ६४, ९ मिलिमीटर आणि चौथ्या जागी ‘निरंक’ असे आहे. एका शब्दामुळे सारा रकाना मजकूर ठरतो. २०२० मध्ये आर-४ येईपर्यंत असा रकाना वाचताना आपोआप फॅक्टर होत असे. फॅक्टर आतून नुसते अनुक्रमांक साठवतो, तेही कोशातल्याप्रमाणे पहिल्या अक्षरावरून लावून : ११२ ला १, ६४ ला २, ९ ला ३, निरंकला ४. ‘याच्या संख्या कर’ असे थेट सांगितले, की हेच अनुक्रमांक हाती येतात. कोरडा तालुका सर्वांत ओला ठरतो, आणि संगणक साधी सूचनाही देत नाही! लातूर शहरासाठी २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. अशा भागात ही उलटापालट परवडणारी नाही.

उपाय सोपा आहे : आधी मजकूर करावा, मग संख्या. तरीही ‘निरंक’ची जागा ‘नोंद नाही’ अशी होते. ती गाळून सरासरी काढली, तर ६१.७ येते, निरंक म्हणजे शून्य हे लक्षात ठेवून काढली, तर ४६.२५.