गल्ल्याचा हिशोब रोज, मग शरीराचा का नाही?



दुकान कितीही लहान असू द्या, रात्री शटर ओढायच्या आधी गल्ला मोजला जातोच. रोख किती आली, मोबाईलवर किती आले, उधारीत किती गेलं. दहा रुपयांचा फरक निघाला तरी चैन पडत नाही. आता त्याच दुकानदाराला विचारा, "भाऊ, आज चहा किती झाले?" उत्तर येतं, "असतील तीन-चार." टपरीवाल्याच्या वहीत मात्र त्याच्या नावावर आठ लिहिलेले असतात!

खोटं कोणीच बोलत नाही. पण आठवण नेहमी आपल्या बाजूने हिशोब करते, वही करत नाही. धंद्यात हे आपल्याला कळतं, म्हणून तर आपण रोजमेळ लिहितो. व्हिडिओत रोजमेळ कसा लिहायचा ते आपण बघितलं. आज त्याच वहीतलं एक पान स्वतःच्या शरीरासाठी ठेवायचं आहे.

हा धंद्याचाच विषय आहे

तुम्ही म्हणाल, बिझनेसच्या ब्लॉगवर तब्येतीचं काय काम? तर बघा. मोठ्या कंपनीत मॅनेजर आजारी पडला की दुसरा बसतो. केनवडसारख्या गावात मालक, सेल्समन, हमाल आणि वसुलीवाला एकच माणूस असतो. सोयाबीन विकून लोकांच्या हातात पैसा आलेला आहे, दिवाळीची खरेदी सुरू आहे आणि नेमका तेव्हाच मालक आठ दिवस दवाखान्यात. गिऱ्हाईक थांबत नाही, बँकेचा हप्ता तर मुळीच थांबत नाही.

पीएमईजीपीच्या कर्जासाठी प्रोजेक्ट रिपोर्ट करताना आपण पिठाच्या गिरणीचा घसारा लिहितो, फ्रिजचा लिहितो. सगळ्यात महागडं मशीन म्हणजे मालक, त्याचा घसारा कोणत्याच रकान्यात नसतो.

पै-पैचा हिशोब आणि तब्येत

आपल्याच विदर्भात राहून गेलेल्या एका माणसाचं उदाहरण घेऊ. महात्मा गांधी १९३६ मध्ये वर्ध्याजवळच्या शेगावला राहायला आले. त्याच गावाला पुढे सेवाग्राम नाव पडलं. पण हिशोब लिहायची त्यांची सवय फार जुनी. १८८८ ते १८९१ या काळात ते लंडनमध्ये बॅरिस्टरीसाठी शिकत होते, तेव्हा पै-पैचा खर्च लिहीत आणि रोज झोपायच्या आधी शिल्लक जुळवत. बसचं भाडं, टपाल, वर्तमानपत्र, काही सुटायचं नाही. हे त्यांनी आत्मचरित्रात सांगितलं आहे.

पुढची गंमत बघा. हिशोबाकडे बघून त्यांनी खर्च कमी करायचं ठरवलं. कामाच्या ठिकाणी अर्ध्या तासात चालत पोहोचता येईल अशी खोली घेतली आणि गाडीभाडं वाचवलं. त्यातून रोज आठ-दहा मैल चालणं होऊ लागलं. इंग्लंडमध्ये आपण आजारी पडलो नाही याचं मुख्य श्रेय ते या चालण्यालाच देतात. म्हणजे लिहिला होता पैशाचा हिशोब आणि सुधारली तब्येत. हिशोबाची ताकद ही अशी असते.

पण गोष्ट इथे संपवली तर अर्धीच होईल. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०१९ मध्ये गांधीजींच्या आरोग्याच्या नोंदींवर एक ग्रंथ काढला. त्यात त्यांच्या ब्लडप्रेशरचे आकडे आहेत: २६ ऑक्टोबर १९३७ ला १९४/१३० आणि १९ फेब्रुवारी १९४० ला २२०/११०. मोजकं खाणारा, मैलोनमैल चालणारा हा माणूस. त्यालाही एवढं बीपी!

यातून आपल्यासाठी धडा असा की काही गोष्टी लिहून कळतात आणि काही मोजल्याशिवाय कळतच नाहीत. बीपी बहुतेक वेळा जाणवत नाही. "मला काही त्रास नाही" हे वाक्य म्हणजे गल्ला न मोजता "आज धंदा चांगला झाला" म्हणण्यासारखं आहे.

तराजूवर बसलेला डॉक्टर

मोजायचं कसं, हे इटलीतल्या सँटोरिओ नावाच्या डॉक्टरकडून शिकावं. त्याने मोठ्या काट्याला खुर्ची टांगली आणि जवळपास ३० वर्षं स्वतःचं वजन केलं. पोटात काय गेलं, शरीरातून बाहेर काय पडलं, सगळं तोलून लिहिलं. १६१४ मध्ये त्याचं पुस्तक आलं. मल-मूत्राचं वजन धरूनही हिशोब जुळत नाही, बरंच वजन न दिसता निघून जातं, हे त्याच्या लक्षात आलं. आपल्या भाषेत सांगायचं तर त्याला शरीराची 'घट' सापडली.

सोयाबीनचा व्यापार बघितलेल्याला हे लगेच समजेल. ओला माल आणि वाळलेला माल एकाच भावाने कोणी तोलत नाही, आधी मॉइश्चर बघतात. शरीराचंही तसंच. पाणी, जेवण, घाम यांनी वजन दिवसभरात वर-खाली होतं. म्हणून आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी, सकाळी काही खायच्या आधी, त्याच काट्यावर वजन करायचं.

पान कसं आखायचं

ॲप नको, स्मार्टवॉच नको. लाँग बुकमध्ये सहा रकाने पाडा:

१. झोप: किती वाजता आणि किती तास
२. जेवण: दोन्ही वेळा, घड्याळ बघून
३. चहा: किती कप
४. चालणं: किती मिनिटं
५. तंबाखू, खर्रा, बिडी: किती वेळा
६. मन: १ ते ५ गुण. चिडचिडीचा दिवस १, मजेत गेलेला ५

रात्री गल्ला मोजून झाला की लगेच भरायचं. दोन मिनिटांचं काम आहे. एखादा दिवस राहिला तर रकाना कोरा सोडा, अंदाजाने भरू नका. खोटी नोंद कोऱ्या रकान्यापेक्षा वाईट.

एकट्या चहाच्या रकान्याचाच हिशोब करून बघा. आठ कप, प्रत्येकी दोन चमचे साखर, चमच्याला ४ ग्रॅम. दिवसाला ६४ ग्रॅम झाली, महिन्याला जवळपास दोन किलो. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, वरून घातलेली साखर रोजच्या उष्मांकाच्या १० टक्क्यांच्या आत ठेवा. २००० कॅलरी खाणाऱ्याला ती साधारण ५० ग्रॅम होते. इथे तर नुसत्या चहातच मर्यादा ओलांडली, बिस्किट आणि पेढा वेगळाच!

आणि चालण्याच्या रकान्यात १०,००० पावलांचं टेन्शन घेऊ नका. हा आकडा १९६५ मध्ये जपानमध्ये विक्रीला आलेल्या पावलं मोजायच्या यंत्राच्या नावातून लोकप्रिय झाला. नाव आकर्षक होतं, चाललं. मार्केटिंग शिकणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा! जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. पाच दिवस अर्धा-अर्धा तास झपझप चाललात की झालं.

नुसतं लिहून उपयोग नाही

रोजमेळ लिहितो तो खतावणी करण्यासाठी. महिनाअखेरीला दोन-दोन रकाने शेजारी ठेवून बघा. समजा, बाजाराच्या दिवशी जेवण दुपारी चार वाजता, चहा नऊ, झोप साडेबाराला आणि दुसऱ्या दिवशी मनाला २ गुण. असं चारही आठवडे दिसलं तर तो योगायोग समजू नका. मग विक्रीची वही उघडा. दुपारी कोणत्या तासाला गिऱ्हाईक सगळ्यात कमी असतं? तोच तास जेवणाचा, आणि तेवढा वेळ घरातलं कोणी दुकानात बसेल. एका महिन्यात एकच बदल करा. एकदम पाच केले तर कशाने फरक पडला ते कळणार नाही.

आशाताईंचा फॉर्म

मोजमापाचं काम गावातच होतं. सरकारच्या असंसर्गजन्य आजारांच्या कार्यक्रमात ३० वर्षांवरच्या लोकांसाठी आशाताई एक फॉर्म भरतात. त्यात वय, तंबाखू, दारू, कमरेचं माप, आठवड्यातला व्यायाम आणि घरात कोणाला बीपी, शुगर, हृदयविकार आहे का, याला गुण असतात. एकूण ४ च्या वर गेले तर तपासणी आधी करायला सांगतात. कमरेसाठी पुरुषांना ९० सेंटिमीटर आणि बायकांना ८० सेंटिमीटरच्या वर गुण सुरू होतात. टेलरकडची टेप घेऊन आजच मोजता येईल.

उपकेंद्रात जाऊन बीपी आणि शुगर तपासा, आकडा तारखेसह त्याच पानावर लिहा. बीपी पुन्हा पुन्हा १४०/९० किंवा त्याच्या वर आलं तर डॉक्टरांना वही दाखवा. वहीवरून स्वतःच गोळी ठरवायची नाही आणि चालू गोळी बंदही करायची नाही. सीएला आपण वह्या दाखवतो, तसंच हे. निर्णय डॉक्टरांचा, पण डॉक्टरांसमोर "असतील तीन-चार" म्हणायची वेळ येणार नाही.

शेवटचं एक. हे पान स्वतःला शिव्या द्यायला नाही. मंदीचा महिना आला म्हणून आपण रोजमेळ फाडून टाकत नाही, उलट जास्त नीट बघतो. खर्रा चार वेळा झाला असेल तर चारच लिहा.

नवीन वहीची, एक तारखेची वाट बघू नका. आज रात्री गल्ला मोजून झाला की मागच्या पानावर सहा रेघा ओढा आणि पहिली ओळ भरा.