पेरू : फळाचे आहारमूल्य व पत्रक्वाथाचा चिकित्सेतील उपयोग

गोंदिया शहरालगतचे नागरा हे गाव तेथील प्राचीन शिवमंदिरामुळे सर्वपरिचित आहे. या भागात पेरूस 'जाम' म्हणतात; मध्य प्रदेश व छत्तीसगडच्या बाजूस 'बिही' हे नावही रूढ आहे. या नामभेदामुळे 'जामची पाने' मागविल्यास जांभळाची पाने येण्याचा संभव असतो. म्हणून द्रव्याची ओळख, गुण व मर्यादा यांचा येथे संक्षेपाने विचार करीत आहोत.

द्रव्यपरिचय : पेरू (सिडियम ग्वाजावा) व जांभूळ हे दोन्ही वृक्ष एकाच कुलातील आहेत. पेरूची साल गुळगुळीत असून तिचे पातळ पापुद्रे निघतात. कोवळी डहाळी चौधारी असते. पानाच्या पाठीवर शिरा ठळक उठून दिसतात व बारीक लव असते. जांभळाचे पान मात्र दोन्ही बाजूंनी गुळगुळीत व चकचकीत असते.

पेरू मूळचा उष्णकटिबंधीय अमेरिकेतील. तो पोर्तुगीजांच्या काळात भारतात आला. त्यामुळे बृहत्त्रयीत त्याचा उल्लेख असणे संभवत नाही. त्याचे गुणकर्म रसपरीक्षा व प्रत्यक्ष अनुभव यांवरून ठरविलेले आहे. वेष्टनावर प्राचीन संहितांचा आधार सांगणे औषधनिर्मात्यांनी टाळावे, असे आमचे मत आहे.

फळ : पक्व फळ मधुर-कषाय असून त्यातील तंतूंमुळे मलप्रवृत्ती सुलभ होते. अपक्व फळ ग्राही आहे. 100 ग्रॅम गरात सुमारे 200 मिलिग्रॅम क जीवनसत्त्व व 5 ग्रॅमहून अधिक तंतू असतात. क जीवनसत्त्वाच्या बाबतीत पेरू संत्र्याच्या सुमारे चौपट ठरतो. प्रौढ पुरुषाची या जीवनसत्त्वाची दैनिक गरज 80 मिलिग्रॅम मानली जाते. वनस्पतिजन्य आहारातील लोहाचे शोषण क जीवनसत्त्वामुळे वाढते. म्हणून भातप्रधान आहार घेणाऱ्या पांडुरोग्यास जेवणासोबत ताजा पेरू सुचविणे हितकर होय. सालीजवळ हे जीवनसत्त्व अधिक असते, तर शिजविल्याने त्याचा ऱ्हास होतो. म्हणून जेली वा मुरंब्यास ताज्या फळाची सर येत नाही.

पत्र : पाने कषाय व ग्राही असून त्यांत टॅनिन, क्वेर्सेटिन व त्याची ग्वायजाव्हेरिनसारखी संयुगे आढळतात. मुंबईच्या फाउंडेशन फॉर मेडिकल रिसर्च या संस्थेचे 2010 साली प्रसिद्ध झालेले संशोधन आपल्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. पत्रक्वाथाने शिगेला व पटकीच्या जंतूंवर प्रभाव दाखविला, तसेच पटकीच्या विषाची निर्मिती व पेशींतील काही जंतूंचा प्रवेश कमी केला. शुद्ध क्वेर्सेटिनने मात्र पेशींतील प्रवेश रोखला तरी जंतू वा विष यांवर म्हणण्यासारखा परिणाम केला नाही. केवळ एका घटकाच्या प्रमाणावरून संपूर्ण द्रव्याची योग्यता ठरत नाही, हा यातील बोध औषधनिर्मात्यांनी लक्षात घ्यावा. अर्थात हे प्रयोग प्रयोगशाळेतील होते. रुग्णांवरील अनुभवाचा विचार करता, मेक्सिकोत 2002 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत पत्रसत्त्वाने तीव्र अतिसारातील पोटदुखीचा काळ घटल्याचे आढळले. जपानमध्ये जेवणानंतरची रक्तशर्करा मर्यादित ठेवणाऱ्या पेरूपत्राच्या चहास 2000 साली विशेष आरोग्य-आहार म्हणून मान्यता मिळाली.

उपयोग : क्वाथासाठी कीडविरहित व फवारणी न केलेली पाने घ्यावीत. शार्ङ्गधरोक्त पद्धतीने सोळा पट पाण्यात उकळून अष्टमांश शेष ठेवावा. मुखपाक व हिरड्यांच्या शैथिल्यात याच क्वाथाचे गंडूष योजता येतात. अतिसारात आमावस्था असता स्तंभन करू नये, हा नियम येथेही लागू आहे; लंघन-पाचनानंतरच क्वाथ योजावा.

मर्यादा : पावसाळ्यात रोवणीच्या दिवसांत दूषित पाण्यामुळे अतिसार बळावतो. अशा वेळी जलसंजीवनी हाच उपचाराचा पाया होय व क्वाथ तिचा पर्याय नव्हे. बालकांस जलसंजीवनीसोबत जस्तही द्यावे. मलात रक्त, तीव्र ज्वर, मूत्राचे प्रमाण घटणे, डोळे खोल जाणे वा ग्लानी दिसल्यास रुग्णास विनाविलंब रुग्णालयात पाठवावे. मधुमेहाची औषधे चालू असणाऱ्यांनी पत्रक्वाथ वैद्यकीय देखरेखीशिवाय घेऊ नये, कारण रक्तशर्करा अपेक्षेहून खाली जाऊ शकते.

परसातील हे झाड सहज उपलब्ध आहे. तथापि योग्य पान, योग्य अवस्था व योग्य रुग्ण यांची निवड झाली तरच त्याचा लाभ होईल. पाने घेताना डहाळीसह मागवावीत, म्हणजे जाम व जांभूळ यांतील भेद जागेवरच पटेल.