इमॅक्युलाटा महाविद्यालय महिला बास्केटबॉल संघ, १९७१–७२

इमॅक्युलाटा महाविद्यालयाचा १९७१–७२ च्या हंगामातील महिला बास्केटबॉल संघ हा अमेरिकेतील महाविद्यालयीन महिला बास्केटबॉलच्या पहिल्या अधिकृत राष्ट्रीय अजिंक्यपदाचा मानकरी होय. पेनसिल्व्हेनिया राज्यातील या लहानशा कॅथलिक महिला महाविद्यालयाच्या संघाने प्रशिक्षक कॅथी रश यांच्या मार्गदर्शनाखाली हंगामात २४ सामने जिंकले व केवळ एक गमावला. ज्या संघाकडून हा एकमेव पराभव झाला, त्याच वेस्ट चेस्टर स्टेट महाविद्यालयाच्या संघाला अंतिम सामन्यात ५२–४८ असे नमवून इमॅक्युलाटाने अजिंक्यपद मिळवले. पुढे हा संघ ‘मायटी मॅक्स’ या नावाने प्रसिद्धीस आला. स्वतःचे क्रीडागृह, खेळाडूंसाठी शिष्यवृत्ती आणि प्रवासासाठी पुरेसा पैसा यांपैकी काहीही हाताशी नसताना मिळवलेले हे यश अमेरिकेतील महिला क्रीडेच्या इतिहासात एका संधिकाळाचे प्रतीक मानले जाते.

महाविद्यालय

इमॅक्युलाटा महाविद्यालय फिलाडेल्फिया शहराच्या पश्चिमेस, चेस्टर परगण्यात आहे. ‘सिस्टर्स, सर्व्हंट्स ऑफ द इमॅक्युलेट हार्ट ऑफ मेरी’ या कॅथलिक धर्मभगिनींच्या संघाने १९२० साली त्याची स्थापना केली. १९७० च्या सुमारास येथे केवळ मुलींनाच प्रवेश होता आणि महाविद्यालयाचा बहुतेक कारभार धर्मभगिनीच पाहत. फिलाडेल्फियाच्या परिसरातील कॅथलिक शाळांत मुलींचे बास्केटबॉल पूर्वीपासून लोकप्रिय होते. या शाळांतून आलेल्या विद्यार्थिनींना खेळाची चांगली तयारी असे. त्यामुळे लहान महाविद्यालय असूनही इमॅक्युलाटाला चांगल्या खेळाडूंची उणीव भासली नाही.

उणीव होती ती सोयींची. महाविद्यालयाचे क्रीडागृह १९६७ साली आगीत भस्मसात झाले होते. त्यानंतर संघाला सरावासाठी मठाच्या तळघरातील जागेचा आधार घ्यावा लागला आणि सामन्यांसाठी बाहेर जावे लागे. खेळाडूंचा गणवेशही जुन्या वळणाचा होता. घडीदार लोकरी अंगरखा आणि त्याखाली सदरा अशा वेषात त्या मैदानात उतरत.

खेळाच्या नियमांतील बदल

या हंगामाचे महत्त्व समजण्यासाठी महिला बास्केटबॉलच्या तत्कालीन नियमांची माहिती आवश्यक ठरते. जेम्स नाइस्मिथ यांनी १८९१ साली मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफिल्ड येथे बास्केटबॉलचा खेळ शोधला. त्यानंतर थोड्याच काळात स्मिथ महाविद्यालयातील शिक्षिका सेंडा बेरेन्सन यांनी तो आपल्या विद्यार्थिनींना शिकवला. मात्र मुलींना अतिश्रम होऊ नयेत व अंगलट कमी व्हावी या विचाराने त्यांनी मैदानाचे भाग पाडले आणि खेळाडूंनी आपापल्या भागाबाहेर जाऊ नये असा दंडक घातला. पुढे अनेक दशके अमेरिकेत महिलांचा खेळ सहा-सहा खेळाडूंचा राहिला. त्यात काही खेळाडू केवळ आक्रमण करीत, तर काही केवळ बचाव. चेंडू टप्पे देत पुढे नेण्यावरही बंधने असत. १९६० च्या दशकात प्रत्येक संघातील दोन खेळाडूंना सर्व मैदानभर फिरण्याची मुभा मिळाली. त्याखेरीज इतर बंधने बऱ्याच अंशी कायम होती.

१९७१ साली हे चित्र पालटले. महाविद्यालयीन महिलांसाठी पाच खेळाडूंचा, पूर्ण मैदानावरील खेळ अधिकृत झाला. चेंडू हाती आल्यावर ३० सेकंदांत बास्केटकडे फेकण्याचा नियमही लागू झाला. म्हणजे पाचही खेळाडूंनी धावावे, आक्रमण करावे आणि बचावासाठी परतही यावे अशी अपेक्षा प्रथमच नियमाने व्यक्त झाली. इमॅक्युलाटाचा हा हंगाम नव्या नियमांखालील पहिल्याच वर्षाचा होता. जुनी सवय सर्वांनाच मोडावी लागणार होती आणि नव्या पद्धतीचा अभ्यास आधी करणाऱ्याला त्याचा लाभ मिळणार होता.

याच सुमारास स्पर्धेची व्यवस्थाही आकारास आली. वेस्ट चेस्टरच्या प्रशिक्षक कॅरोल एकमन यांच्या पुढाकाराने १९६९ साली महिलांसाठी निमंत्रितांची राष्ट्रीय स्पर्धा भरवण्यात आली आणि यजमान वेस्ट चेस्टरनेच ती जिंकली. १९७० साली कॅलिफोर्निया स्टेट फुलरटन आणि १९७१ साली मिसिसिपी स्टेट कॉलेज फॉर वीमेन हे संघ विजयी ठरले. १९७१ मध्ये ‘असोसिएशन फॉर इंटरकॉलेजिएट ॲथलेटिक्स फॉर वीमेन’ ही संघटना स्थापन झाली. मार्च १९७२ मधील तिच्या पहिल्या बास्केटबॉल स्पर्धेत विभागीय फेऱ्यांतून पुढे आलेले सोळा संघ सहभागी झाले. पुरुषांच्या महाविद्यालयीन स्पर्धा चालवणाऱ्या ‘एनसीएए’ या संघटनेने त्या काळी महिलांसाठी अशी स्पर्धा सुरू केलेली नव्हती.

प्रशिक्षक व खेळाडू

कॅथी रश १९७० साली प्रशिक्षक म्हणून रुजू झाल्या, तेव्हा त्यांनी वयाची पंचविशीही गाठलेली नव्हती. संपूर्ण हंगामासाठी त्यांना ४५० डॉलर मानधन मिळे. त्यांचे शिक्षण वेस्ट चेस्टर स्टेटमध्येच झाले होते. त्यांचे पती एड रश हे ‘एनबीए’ या व्यावसायिक बास्केटबॉल संघटनेत पंच होते. त्यामुळे पुरुषांच्या खेळातील डावपेच जवळून पाहण्याची संधी त्यांना लाभली. हे डावपेच मुलींना झेपणार नाहीत हा समज त्यांनी मानला नाही. प्रतिस्पर्ध्यांवर मैदानभर दबाव आणणे, दोघींनी मिळून चेंडूवाल्या खेळाडूला कोंडीत पकडणे, सहकाऱ्याच्या वाटेतील प्रतिस्पर्धी अडवून तिला मोकळी जागा करून देणे या गोष्टींचा त्यांनी कसून सराव करून घेतला. पुरुषांच्या खेळात हे सर्व परिचित होते. सहा खेळाडूंच्या विभागलेल्या खेळावर वाढलेल्या महिला संघांना मात्र ते नवीन होते.

संघाचा मुख्य आधार होती मध्यस्थानी खेळणारी उंच खेळाडू थेरेसा शँक. तिने दुसऱ्या एका महाविद्यालयात जाण्याचे ठरवले होते. परंतु घराला आग लागल्याने कुटुंबाजवळ राहणे भाग पडले आणि तिने इमॅक्युलाटात प्रवेश घेतला. क्रीडागृह जळालेल्या महाविद्यालयाला त्याची सर्वोत्तम खेळाडू घर जळाल्यामुळे मिळाली, हा या संघाच्या इतिहासातील विलक्षण योगायोग होय. प्रथम वर्षात शिकणारी रेने म्यूथ हीदेखील या संघात होती.

सामन्यांना धर्मभगिनी मोठ्या संख्येने उपस्थित राहत. म्यूथच्या वडिलांचे लोखंडी सामानाचे दुकान होते. त्यांनी आणलेल्या बादल्या काठ्यांनी बडवून प्रेक्षक संघाला प्रोत्साहन देत. काळ्या झग्यातील धर्मभगिनी आणि बादल्यांचा कल्लोळ ही पुढे या संघाची ओळखच बनली.

हंगाम आणि विभागीय पराभव

हंगामात इमॅक्युलाटाने परिसरातील संघांवर एकामागून एक विजय मिळवले आणि अपराजित राहून विभागीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात प्रवेश केला. तेथे त्यांची गाठ वेस्ट चेस्टर स्टेटशी पडली. हे महाविद्यालय त्याच परगण्यात, इमॅक्युलाटापासून काही मैलांवरच आहे. ते आकाराने कितीतरी मोठे असून शारीरिक शिक्षणाच्या शिक्षिका तयार करण्याबद्दल त्याची ख्याती होती. निमंत्रितांच्या तिन्ही राष्ट्रीय स्पर्धांत त्यांनी अंतिम फेरी गाठली होती.

हा सामना एकतर्फी ठरला. वेस्ट चेस्टरने ७०–३८ असा, तब्बल ३२ गुणांच्या फरकाने विजय मिळवला. तरीही आधीच्या कामगिरीच्या बळावर इमॅक्युलाटाला राष्ट्रीय स्पर्धेत स्थान मिळाले. सोळा संघांच्या मानांकनात त्यांचा क्रमांक पंधरावा होता.

राष्ट्रीय स्पर्धा

ही स्पर्धा इलिनॉय राज्यातील नॉर्मल या गावी, इलिनॉय स्टेट विद्यापीठात १६ ते १९ मार्च १९७२ या काळात झाली. तेथवर जाण्याचा खर्च महाविद्यालयाच्या अंदाजपत्रकात नव्हता. विद्यार्थिनींनी दात घासण्याचे ब्रश विकून आणि देणग्या गोळा करून पैसा उभा केला. तो सर्वांना पुरणारा नसल्याने आठच खेळाडूंना नेण्यात आले व उरलेल्यांना मागे राहावे लागले. विमानात जागा शिल्लक असेल तरच बसायला मिळेल अशा स्वस्त तिकिटांवर संघाने प्रवास केला.

पहिल्या फेरीत इमॅक्युलाटाने साउथ डकोटा स्टेटला हरवले. उपउपांत्य फेरीत इंडियाना स्टेटवरील विजय निसटता ठरला. उपांत्य फेरीत त्यांच्यासमोर मिसिसिपी स्टेट कॉलेज फॉर वीमेन हा आदल्या वर्षीचा विजेता संघ होता. त्यांच्यावर ४६–४३ अशी मात करून इमॅक्युलाटाने अंतिम फेरी गाठली.

दुसऱ्या बाजूने वेस्ट चेस्टरही अंतिम फेरीत आले होते. अशा रीतीने देशभरातील सोळा संघांतून, शेकडो मैलांवरील गावी, एकाच परगण्यातील दोन शेजारी समोरासमोर उभे राहिले. काही दिवसांपूर्वीच्या ३२ गुणांच्या फरकामुळे वेस्ट चेस्टरचे पारडे जड होते. चार दिवसांत चार सामने आठ खेळाडूंवर निभावून नेण्याचा ताणही इमॅक्युलाटावर होता. तरीही त्यांनी सामना ५२–४८ असा जिंकला. थेरेसा शँकचा खेळ यात निर्णायक ठरला.

पुढील यश

हे अजिंक्यपद म्हणजे योगायोग नव्हे, हे पुढील दोन वर्षांत स्पष्ट झाले. १९७२–७३ च्या हंगामात संघ सर्व सामन्यांत अपराजित राहिला आणि अंतिम सामन्यात न्यू यॉर्कच्या क्वीन्स महाविद्यालयाला हरवून त्याने अजिंक्यपद राखले. १९७४ साली मिसिसिपी महाविद्यालयावर मात करून इमॅक्युलाटाने सलग तिसऱ्यांदा हा मान मिळवला. १९७५ व १९७६ या दोन्ही वर्षी अंतिम सामन्यात डेल्टा स्टेटने त्यांना पराभूत केले.

जानेवारी १९७५ मध्ये मेरिलँड विद्यापीठाविरुद्धचा त्यांचा सामना राष्ट्रीय दूरचित्रवाणीवर दाखवण्यात आला. महाविद्यालयीन महिला बास्केटबॉलच्या बाबतीत असे प्रथमच घडत होते. २२ फेब्रुवारी १९७५ रोजी न्यू यॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डन येथे इमॅक्युलाटा आणि क्वीन्स यांच्यात सामना झाला. त्या प्रसिद्ध क्रीडागृहातील महाविद्यालयीन महिलांचा हा पहिला सामना असून सुमारे १२,००० प्रेक्षक त्यास उपस्थित होते. कॅथी रश १९७७ साली प्रशिक्षकपदावरून निवृत्त झाल्या. सात हंगामांत त्यांच्या संघाने १४९ सामने जिंकले व १५ गमावले.

नववा अनुच्छेद आणि लहान महाविद्यालये

इमॅक्युलाटाच्या पहिल्या अजिंक्यपदानंतर तीन महिन्यांनी, २३ जून १९७२ रोजी, राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी शिक्षणविषयक सुधारणा कायद्यावर स्वाक्षरी केली. त्यातील नवव्या अनुच्छेदाने केंद्रशासनाचे आर्थिक साहाय्य घेणाऱ्या शिक्षणसंस्थांना लिंगाधारित भेदभावाची मनाई केली. या तरतुदीत खेळाचा स्वतंत्र उल्लेख नव्हता. तथापि तिची अंमलबजावणी क्रीडाक्षेत्रात झाल्यामुळे विद्यापीठांना मुलींच्या संघांसाठी पैसा, प्रशिक्षक व सोयी उपलब्ध करून द्याव्या लागल्या. महिला क्रीडा संघटनेने आरंभी क्रीडा-शिष्यवृत्त्यांवर बंदी घातली होती. ती १९७३ साली उठवण्यात आली.

याचा परिणाम दुहेरी झाला. देशभरातील असंख्य मुलींना खेळाचे दार उघडले. मात्र मोठी विद्यापीठे शिष्यवृत्त्या देऊन गुणी खेळाडूंना आपल्याकडे घेऊ लागताच, घराजवळच्या मुलींवर उभ्या असलेल्या लहान महाविद्यालयांना त्या स्पर्धेत टिकणे अशक्य झाले. १९८२ साली एनसीएएने महिलांची स्वतःची स्पर्धा सुरू केली आणि १९८३ साली जुनी महिला संघटना संपुष्टात आली. आज देशाच्या सर्वोच्च गटातील अजिंक्यपद इमॅक्युलाटाच्या आकाराच्या संस्थेने मिळवणे कल्पनेपलीकडचे आहे. नव्या नियमांनी महिलांना पूर्ण मैदान दिले होते, पण पैशाचे बळ अजून खेळात उतरलेले नव्हते. त्या थोड्या वर्षांच्या अवकाशात इमॅक्युलाटाचे यश शक्य झाले.

वारसा

या संघाचा प्रभाव त्यातून घडलेल्या प्रशिक्षकांमुळे अधिक दूरवर पोहोचला. थेरेसा शँक विवाहानंतर थेरेसा ग्रेंट्झ या नावाने ओळखल्या जाऊ लागल्या. त्यांच्या मार्गदर्शनाखाली रटगर्स विद्यापीठाने १९८२ साली जुन्या महिला संघटनेचे अखेरचे अजिंक्यपद जिंकले. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये त्या अमेरिकेच्या महिला संघाच्या प्रशिक्षक होत्या व त्या संघाने कांस्यपदक मिळवले. रेने म्यूथ यांनी रेने पोर्टलंड या नावाने १९८० ते २००७ या काळात पेन स्टेट विद्यापीठाच्या संघाला प्रशिक्षण दिले. नंतरच्या हंगामांत इमॅक्युलाटाकडून खेळलेल्या मेरीॲन क्रॉफर्ड स्टॅन्ली यांच्या मार्गदर्शनाखाली ओल्ड डोमिनियन विद्यापीठाने १९७९, १९८० व १९८५ साली राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवले. अशा रीतीने ज्या मोठ्या विद्यापीठांनी लहान महाविद्यालयांना मागे टाकले, त्यांपैकी काहींचे संघ इमॅक्युलाटाच्याच माजी खेळाडूंनी घडवले होते.

कॅथी रश यांचा २००८ साली नाइस्मिथ बास्केटबॉल हॉल ऑफ फेममध्ये समावेश झाला. १९७२ ते १९७४ या काळातील संपूर्ण संघाला हा सन्मान २०१४ साली मिळाला. या हंगामावर आधारित ‘द मायटी मॅक्स’ हा चित्रपट टिम चेंबर्स यांनी दिग्दर्शित केला असून तो २०११ साली सर्वत्र प्रदर्शित झाला. त्यात कार्ला गुगिनो यांनी कॅथी रश यांची भूमिका केली आहे. चित्रपटातील खेळाडूंची पात्रे मात्र काल्पनिक आहेत. महाविद्यालयास २००२ साली विद्यापीठाचा दर्जा मिळाला आणि २००५ पासून तेथे पदवी अभ्यासक्रमास मुलांनाही प्रवेश देण्यात येऊ लागला.