आधी टेबल मोजा, मग माउस निवडा

गेमिंग माउसच्या खोक्यावर सगळ्यात मोठ्या अक्षरांत छापलेला आकडा असतो डीपीआयचा. माउस एक इंच सरकला की सेन्सर त्या इंचात किती मोजण्या करतो, एवढंच तो सांगतो. आज २६,००० डीपीआयचे माउस सर्रास मिळतात, ३०,००० चेही मिळतात. या आकड्याचा जरा हिशेब करून पाहू. नेहमीच्या मॉनिटरची रुंदी १९२० पिक्सेल. २६,००० डीपीआयवर कर्सर पडद्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेला न्यायला माउस जेमतेम दोन मिलिमीटर हलवावा लागेल. अशा कर्सरने एखादी फाइल उघडणंही मुश्कील, मग खेळात नेम धरणं तर लांबच. काउंटर-स्ट्राइक किंवा व्हॅलोरंटसारखे नेमबाजीचे खेळ व्यवसाय म्हणून खेळणारे बहुतेक खेळाडू ४००, ८०० नाहीतर फार तर १६०० डीपीआय वापरतात. म्हणजे ज्या आकड्यापायी गिऱ्हाईक जादा पैसे मोजतं, त्याचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग माउस भंगारात जाईपर्यंत वापरलाच जात नाही.

हा आकड्यांचा सोस जुना आहे. माउसच्या पोटात एक चिमुकला कॅमेरा असतो. तो खालच्या पृष्ठभागाचे सेकंदाला हजारो फोटो काढतो आणि लागोपाठच्या दोन फोटोंत धागे-खळगे किती सरकले यावरून माउसची चाल ठरवतो. १९९९ मध्ये मायक्रोसॉफ्टचा इंटेलिमाउस एक्सप्लोरर आला आणि गोळीवाला, दर आठवड्याला खरवडून साफ करावा लागणारा माउस हळूहळू मागे पडला. त्याच घराण्यातल्या ४०० डीपीआयच्या माउसवर सुरुवातीच्या काळातले कित्येक नामांकित काउंटर-स्ट्राइक खेळाडू खेळले. २००४ नंतर लेझर माउस आले, डीपीआय हजारोंनी वाढला, पण त्यांतल्या अनेकांमध्ये एक खोड निघाली: तेवढंच अंतर हळू सरकवलं तर कर्सर एवढा जाई, झटक्यात सरकवलं तर वेगळाच जाई. हाताला सवय लावून घ्यावी तर कशाची? आकडा मोठा असूनही खेळाडू पुन्हा साध्या ऑप्टिकल सेन्सरकडे वळले. आता चांगल्या कंपनीच्या मध्यम किमतीच्या माउसमधला सेन्सरही हाताच्या झटक्याला पुरून उरतो. पिक्सआर्ट या तैवानी कंपनीचा ३३६० हा गाजलेला सेन्सर सेकंदाला २५० इंच, म्हणजे सहा मीटरहून जास्त वेगाने सरकणारा माउसही अचूक टिपतो. सेन्सरचा प्रश्न बऱ्यापैकी सुटलेला आहे. न सुटलेले प्रश्न टेबलावर आणि हातात आहेत, आणि खरेदीची सुरुवात तिथूनच व्हायला हवी.

टेबलापासून का, ते एका गणितातून कळतं. काउंटर-स्ट्राइकमध्ये सेन्सिटिव्हिटी, म्हणजे माउसच्या चालीला नजर किती वळावी हे ठरवणारं सेटिंग, १ ठेवली तर माउसच्या एका मोजणीला खेळातली नजर ०.०२२ अंश वळते. ८०० डीपीआय आणि सेन्सिटिव्हिटी १ ही मुरलेल्या खेळाडूंमधली रुळलेली जोडी. पूर्ण गिरकीचे ३६० अंश भागिले ०.०२२ म्हणजे सुमारे १६,३६४ मोजण्या. त्यांना ८०० ने भागलं की साडेवीस इंच, म्हणजे ५२ सेंटिमीटर. पाठीमागून कोणी आलं तर अर्धी गिरकी घ्यायला २६ सेंटिमीटर लागतात. ऑफिसात असतं ते माउसपॅड रुंदीला २२ सेंटिमीटरच्या आसपास. त्यातून माउसची स्वतःची सहा सेंटिमीटर रुंदी वजा केली की सरकायला राहतात सोळा. मग गिरकी अर्ध्यावर असतानाच माउस पॅडवरून खाली उतरतो, तो उचलून परत मधे ठेवेपर्यंत खेळ आटोपलेला असतो. ४५ बाय ४० सेंटिमीटरचं पॅड या खेळांत जवळजवळ प्रमाण मानलं जातं, ते काही चैन म्हणून नव्हे.

यावर लगेच येणारा आक्षेप असा, की सेन्सिटिव्हिटी वाढवा, जागा आपोआप वाचेल. युक्तिवाद वरकरणी बिनतोड वाटतो. पण पॉल फिट्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये मांडलेला नियम इथे लावून पाहावा. लक्ष्य जितकं लांब आणि जितकं लहान तितका तिथे पोहोचायला वेळ जास्त, असा तो नियम. सेन्सिटिव्हिटी चौपट केली की हाताला कापायचं अंतर पाव होतं हे खरं, पण हाताच्या मापाने लक्ष्यही पाव होतं. शत्रूचं डोकं आधी हाताच्या दोन मिलिमीटरच्या हालचालीत मावत होतं, ते आता अर्ध्या मिलिमीटरवर आलं. अंतर आणि आकार यांचं गुणोत्तर होतं तेवढंच राहिलं. हाताचं थरथरणं मात्र पाव झालेलं नाही, पॅडवर माउस किंचित अडखळतो तेही नाही. म्हणजे फायदा फुकटचा नाहीच, वर चुकीला वाव वाढला. मोठं अंतर कोपरापासून हात हलवून आणि शेवटची बारीक दुरुस्ती मनगटाने-बोटांनी, अशी कामाची वाटणी बहुतेक निष्णात खेळाडू करतात. तिला जागा लागते. डोटा २ किंवा लीग ऑफ लेजेंड्स खेळणाऱ्यांची गोष्ट मात्र निराळी. तिथे गिरकी नाही, कर्सर फक्त पडद्यावर इकडून तिकडे धावतो. त्यांनी छोटं पॅड आणि जास्त डीपीआय ठेवला तर काही बिघडत नाही.

जागेचं गणित घरात बसवणं हीच खरी अडचण. तीन फुटी टेबल म्हणजे ९१ सेंटिमीटर. पूर्ण कीबोर्ड ४४ सेंटिमीटरचा आणि पॅड ४५ चं. दोन्ही मावतात खरी, पण मग पाण्याच्या बाटलीने कुठे जायचं? आकड्यांची पट्टी नसलेला कीबोर्ड सुमारे ३६ सेंटिमीटरचा असतो, आणि त्यामुळे सुटलेली आठ-नऊ सेंटिमीटर जागा माउसच्या किमतीत दोन हजारांची भर घालण्यापेक्षा जास्त उपयोगी पडते. कॉम्प्युटर टेबलाखालचा सरकता ट्रे या खेळांसाठी जवळपास बाद समजावा. त्यावर कीबोर्ड ठेवला की माउसला वीतभर जागा उरते, आणि जोरात खेळताना ट्रे हलतो तो वेगळाच.

पॅडची जागा ठरली की पृष्ठभाग. माउस थांबलेला असताना तो हलवायला जे बळ लागतं, ते एकदा हलल्यावर सरकत ठेवायला लागणाऱ्या बळापेक्षा जास्त असतं. या दोहोंत तफावत मोठी असली की बारीक दुरुस्ती करताना माउस आधी अडतो आणि मग एकदम पुढे निसटतो. कॅरमवर बोरिक पावडर टाकतात ती याच अडखळण्यावर. पॅड मात्र नुसतं गुळगुळीत असून भागत नाही, हवं तिथे माउस थांबायलाही हवा. कापडी पॅडवर तो चांगला थांबतो; कडक प्लॅस्टिकच्या किंवा काचेच्या पॅडवर छान पळतो, पण थांबवायचं काम सगळं हाताच्या गळ्यात पडतं. कापडातही जाड, मऊ पॅडवर हाताचा भार पडला की माउस आत रुततो आणि घर्षण वाढतं. खेळ रंगात आला की हात नकळत दाबला जातोच, म्हणजे ऐन मोक्याच्या क्षणी पॅड वेगळं वागू लागतं. हवेचाही प्रश्न आहे. कापड ओल शोषतं. मुंबईत, कोकणात किंवा गोव्यात जूनपासून तेच पॅड जड आणि चिकट लागतं, घामेजलेलं कोपर त्याला चिकटतं, आणि धुतलं तर वाळायला दोन-दोन दिवस घेतं. काचेच्या पॅडला ओलीचं सोयरसुतक फारसं नसतं. पण किंमत भारी, आणि माउसच्या तळाच्या टेफ्लॉनच्या पट्ट्या त्यावर लवकर झिजू शकतात. किनाऱ्यावर राहणाऱ्याने बारीक, घट्ट विणीचं कापडी पॅड घ्यावं आणि पावसाळ्यात खेळताना पंखा हाताच्या दिशेने ठेवावा, हे कुठल्याही जाहिरातीतल्या ‘वेगवान पृष्ठभागा’पेक्षा व्यवहारी वाटतं.

आता माउस. मनगटाच्या घडीपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत पट्टी लावा. या लांबीच्या साठ टक्क्यांच्या आसपास माउसची लांबी असावी, असा एक ढोबळ अंदाज खेळाडूंमध्ये वापरला जातो. साडेअठरा सेंटिमीटरच्या हाताला ११ सेंटिमीटरचा माउस. अंदाजच तो, कारण खरा फरक धरण्याच्या पद्धतीने पडतो. कोणी सगळा तळहात माउसवर टेकवतं, त्याला लांब आणि मागे फुगीर माउस लागतो. कोणी बोटं वाकवून पंजा मारल्यासारखं धरतं, कोणी फक्त बोटांच्या टोकांनी; यांना बुटका आणि आखूड माउस बरा. दुकानात नमुना ठेवलेला असेल तर अंगठा आणि करंगळीकडच्या दोन बोटांत धरून तो सरळ वर उचलावा. उचलण्यासाठी दाबावं लागलं, तर तो आकार त्या हाताचा नाही. कारण रोज तासन्‌तास हाच दाब अंगठ्याच्या बुडाला साचत जाणार. मग अंगठा न ताणता बाजूची दोन्ही बटणं दाबता येतात का आणि तर्जनी बटणाच्या टोकाला पोहोचते का, एवढं पाहावं.

वजनाबद्दल सध्या एकच सूर लागलेला आहे: जितका हलका तितका चांगला. दहा वर्षांपूर्वी शंभर ग्रॅमचा माउस सामान्य होता. २०२० साली लॉजिटेकचा सुपरलाइट ६३ ग्रॅमपर्यंत खाली आला आणि आता त्याहूनही हलके आले आहेत. फायदा आहे, पण सरसकट नाही. कोपरापुढचा हात आणि पंजा मिळून शरीराच्या वजनाच्या दोन टक्क्यांच्या आसपास भरतात, म्हणजे ६५ किलोच्या माणसात सव्वा ते दीड किलो. संपूर्ण हात हलवून खेळणाऱ्याच्या त्या दीड किलोपुढे माउसचे वीस ग्रॅम कमी-जास्त झाले तर झटक्यात फारसा फरक पडत नाही; तो जाणवतो माउस वारंवार उचलताना. बोटांच्या टोकांनी खेळणाऱ्याला मात्र तेच वीस ग्रॅम पदोपदी जाणवतात, कारण तिथे फक्त बोटं हलत असतात. तेव्हा वजन आकारानंतर बघायचं. हाताला न बसणारा पन्नास ग्रॅमचा माउस हा नाकापेक्षा मोती जड होण्याचाच प्रकार, वजनाने नसला तरी किमतीने.

आराम हा चाळिशीनंतरचा विषय, तरुणांनी कामगिरी बघावी, असंही म्हटलं जातं. शरीररचना मात्र हा भेद मानत नाही. मनगटातल्या एका अरुंद बोगद्यातून बोटं वाकवणाऱ्या नऊ कंडरा आणि एक मुख्य नस जाते. पंजा वरच्या बाजूला वाकवून ठेवला की बोगद्यातला दाब वाढतो. टेबल आणि खुर्ची यांची उंची जुळत नसली की मनगट असंच वाकू शकतं. मनगटाखाली ठेवायची गुबगुबीत उशी आरामाची म्हणून विकली जाते, पण टेकू दिला जातो बरोबर त्या बोगद्याच्या खाली. त्यापेक्षा कोपर साधारण काटकोनात, हाताचा कोपरापुढचा भाग टेबलावर आणि भार तळहाताच्या बुडावर, ही बैठक बरी. आखडलेला हात आधी नेम चुकवतो, दुखायला नंतर लागतो. म्हणून आराम आणि कामगिरी हे दोन वेगळे निकष धरणंच मुळात चूक. अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटात मुंग्या येऊ लागल्या तर मात्र नवा माउस शोधत बसू नये, डॉक्टरांकडे जावं.

मग खोक्यावरचे आकडे अगदीच निरर्थक का? तसंही नाही. माउस संगणकाला सेकंदाला किती वेळा माहिती देतो, तो पोलिंग रेट महत्त्वाचा. साधा माउस १२५ वेळा देतो, म्हणजे दर ८ मिलिसेकंदांनी. गेमिंग माउस १००० वेळा, म्हणजे दर एका मिलिसेकंदाने. इथे सात मिलिसेकंद वाचतात, ते घ्यावेत. ८००० वेळा देणारे माउसही आहेत, पण तिथे वाचतो एका मिलिसेकंदाहून कमी वेळ. समोरचा मॉनिटर ६० हर्ट्झचा असेल तर तो चित्रच मुळी दर १६.७ मिलिसेकंदांनी बदलतो, शिवाय प्रोसेसरवर बोजा वाढतो आणि बिनतारी माउसची बॅटरी लवकर उतरते. बिनतारी माउस मागे पडतो ही समजूतही आता जुनी झाली. मोठमोठ्या स्पर्धांत व्यावसायिक खेळाडू आता बहुतेक बिनतारीच वापरतात. पण अमुक खेळाडू अमुक माउस वापरतो म्हणून तोच घ्यावा, हे तर्काला धरून नाही. प्रायोजक त्याचा, हात त्याचा, टेबलही त्याचं.

पाच हजारांत दोन्ही घ्यायचं असेल, तर पॅडला सुमारे हजार आणि माउसला उरलेले, ही विभागणी बहुतेकांना पुरेल. माउस परत करण्याची मुदत आहे का ते आधी पाहावं, आणि डावखुऱ्यांनी तर पाहावंच. उजव्या हातासाठी घडवलेले माउस त्यांच्या कामाचे नाहीत, आणि दोन्ही बाजूंनी सारख्या दिसणाऱ्या अनेक माउसवरही अंगठ्याची बटणं डावीकडेच असतात. घरच्या मुलीला किंवा मुलाला न सांगता भेट द्यायचा विचार असेल, तर माउस टाळावा. पॅड द्यावं, फक्त ती किंवा तो घरात नसताना टेबल मोजून घ्यावं.