उघडा लॅपटॉप आणि शेजारचा बाक

महाविद्यालयीन वर्गात विद्यार्थ्याने लॅपटॉप उघडून बसावे की बसू नये, हा प्रश्न आपल्याकडे अजून शिस्तीच्या सदरात मोडतो. प्राचार्यांनी परिपत्रक काढावे, ते सूचनाफलकावर लागावे आणि पंधरवड्यात सर्वांनी ते सोयीस्करपणे विसरावे, एवढाच त्याचा प्रवास. वास्तविक हा प्रश्न शिस्तीचा कमी आणि अर्थशास्त्राचा अधिक आहे. योगायोग असा की, त्याचे एक अतिशय काटेकोर मोजमापही अर्थशास्त्राच्याच वर्गात झाले.

अमेरिकेत वेस्ट पॉइंट येथे लष्करी अधिकारी घडविणारी संस्था १८०२ पासून चालू आहे. तेथे अर्थशास्त्राचा प्राथमिक अभ्यासक्रम घेणाऱ्या ७२६ विद्यार्थ्यांवर एक प्रयोग करण्यात आला. काही वर्गांत लॅपटॉप व टॅबलेट वापरण्याची पूर्ण मुभा होती. काही वर्गांत टॅबलेट चालत असे, पण तो शिक्षकाला दिसेल असा बाकावर आडवा ठेवावा लागे. उरलेल्या वर्गांत दोहोंना बंदी होती. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, मुभा असलेल्या वर्गांचे अंतिम परीक्षेतील सरासरी गुण बंदी असलेल्या वर्गांपेक्षा ०.१८ प्रमाण विचलनाने कमी भरले. आकडा लहान दिसतो. परंतु तो कोठे आढळला, हे ध्यानात घेतले पाहिजे. तेथील वर्ग लहान, हजेरी सक्तीची, आणि पदवीनंतर सैन्याच्या कोणत्या शाखेत जायचे हेही गुणांच्या क्रमावर अवलंबून. लक्ष देण्यासाठी माणसाला जेवढे उत्तेजन देता येते, तेवढे तेथे दिलेलेच असते. टॅबलेट आडवा ठेवण्याच्या अटीनेही नुकसान फारसे टळले नाही.

यावरचे नेहमीचे उत्तर तयार असते. विद्यार्थी अठरा वर्षांचा आहे, त्याला मताचा अधिकार आहे, शुल्क तो किंवा त्याचे पालक भरतात. मग त्याने व्याख्यान ऐकावे की पडद्यावर क्रिकेटचा धावफलक पाहावा, हे त्याचे त्याला ठरवू द्या. नुकसान झाले तर त्याचेच होईल. उपभोक्त्याच्या सार्वभौमत्वाचा धडा ज्याने मनापासून गिरवला आहे, त्याला हा युक्तिवाद एकदम पटावा असाच आहे. त्यात उणीव आहे ती शेवटच्या वाक्यात.

कॅनडातील यॉर्क आणि मॅकमास्टर विद्यापीठांच्या संशोधकांनी २०१३ साली नेमकी ही उणीव दाखवून दिली. हवामानशास्त्रावरील एक व्याख्यान ऐकताना ज्यांनी लॅपटॉपवर मधूनच इतर कामे केली, त्यांचे गुण तशी कामे न करणाऱ्यांपेक्षा ११ टक्क्यांनी कमी आले. हे अपेक्षितच होते. दुसऱ्या प्रयोगात सर्व परीक्षार्थींच्या हाती केवळ कागद-पेन होते. फरक इतकाच की, त्यांपैकी काहींना इतरत्र रमलेल्या लॅपटॉपवाल्यांचे पडदे दिसतील अशा जागी बसविले होते. या निरपराध मंडळींचे गुण १७ टक्क्यांनी घटले. दोन्ही प्रयोगांत विद्यार्थी चाळीसच्या आसपास होते, आणि प्रयोग वेगवेगळे असल्याने शेजाऱ्याचे नुकसान मूळ कर्त्याहून मोठे असते, असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. पण शेजाऱ्याचे नुकसान होते, एवढे त्यातून निश्चित कळते.

आर्थर पिगू या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १९२० साली आपल्या ग्रंथात ज्यांची चर्चा केली, त्या बाह्य परिणामांचाच हा प्रकार होय. गिरणीचा धूर गिरणीमालकाच्या हिशेबवहीत चढत नाही. तो शेजारच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर चढतो. वर्गातला उजळलेला पडदा तसाच आहे. तो उघडणारा आपला लाभ-हानीचा हिशेब करतो, मागच्या बाकावरच्या चार जणांचा करीत नाही.

येथे रोनाल्ड कोस यांची आठवण होणे साहजिक आहे. १९६० च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात त्यांनी लंडनच्या एका जुन्या खटल्याचा दाखला दिला आहे. मिठाईवाल्याच्या खलबत्त्याच्या आवाजाने शेजारच्या डॉक्टरला रोगी तपासणे कठीण झाले. कोस यांचे म्हणणे असे की, नुकसान दोन्ही बाजूंनी असते. खलबत्ता थांबविला तर डॉक्टरचे भागते, पण मिठाईवाल्याचे बिघडते. तेव्हा दोघांनी आपसांत तडजोड करावी, अट एवढीच की तडजोडीला फार खर्च पडू नये. शंभर-सव्वाशेच्या तुकडीत ही अट पाळली जाणे अशक्य आहे. नव्यानेच तालुक्याहून आलेली मुलगी पुढच्या अनोळखी मुलाला ‘तो पडदा जरा मिटा’ असे सांगणार नाही. ती मुकाट्याने सहन करील. म्हणून नियम शिक्षकाने करणे भाग आहे.

मात्र कोस यांचा इशारा विसरून सरसकट बंदी घालणेही बरोबर नाही. ज्याची दृष्टी अधू आहे किंवा ज्याचा हात लिहिताना चालत नाही, त्याच्यासाठी लॅपटॉप ही चैन नव्हे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार अशी सोय देणे संस्थेवर बंधनकारकच आहे. त्या वेळी मिशिगन विद्यापीठात अर्थशास्त्र शिकविणाऱ्या सूझन डायनार्स्की यांनी २०१७ साली आपल्या वर्गातील बंदीचे जाहीर समर्थन केले, तेव्हा अशा विद्यार्थ्यांना सवलत दिल्याने त्यांचे व्यंग वर्गासमोर उघड होते, ही अडचणही त्यांनी नोंदविली होती. लॅपटॉप वापरणाऱ्यांनी शेवटच्या रांगेत बसावे, हा उपाय त्यामानाने सौम्य ठरतो. पडदा तेथे कोणाच्या दृष्टीस पडत नाही. (शेवटच्या रांगेत बसण्याची सक्ती आपल्याकडे कोणावर करावी लागणार नाही, हा भाग वेगळा.)

इतके सारे वाचून अध्यापकवर्गाला आनंद होणे शक्य आहे. तो आवरता घेतलेला बरा. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत असे दिसले होते की, लॅपटॉपवर टिपणे घेणारे वक्त्याचे शब्द जसेच्या तसे उतरवून घेतात आणि आशयाच्या प्रश्नांना मागे पडतात. पुढे २०१९ आणि २०२१ साली तसेच प्रयोग पुन्हा झाले, तेव्हा गुणांतील फरक स्पष्टपणे आढळला नाही. शब्दशः उतरविण्याची खोड मात्र पुन्हा दिसली. आता ही खोड लॅपटॉपने आणली असे महाराष्ट्रात कोणी म्हणू धजेल काय? पिवळ्या पडलेल्या वहीतून ‘लिहून घ्या’ म्हणून मजकूर सांगणारे प्राध्यापक आणि तो निळ्या शाईत निमूटपणे उतरविणारे विद्यार्थी, हे दृश्य संगणकाच्या कितीतरी आधीचे आहे. त्याच टिपणांच्या झेरॉक्स प्रती फाटकासमोरच्या दुकानात मिळू लागल्यावर विद्यार्थ्याने वर्गात कान देऊन बसण्याचे कारणच उरले नाही. तेथे पडदा मिटवून हाती फार काही लागणार नाही.

आपल्या कला-वाणिज्य महाविद्यालयांत लॅपटॉप थोड्यांकडेच असतो. तेथील खरा पडदा मोबाइलचा. तो बाकाखाली असल्याने शेजाऱ्याला कमी दिसतो, इतकेच. मार्च २०२० मध्ये महाविद्यालये बंद झाली, तेव्हा याच मोबाइलवर वर्ग भरले, याच मोबाइलवर टिपणे पाठविली गेली. ज्या साधनाला संस्थेनेच वर्ग म्हटले, ते वर्गात आणू नका असे सांगताना कारणही सांगावे लागेल, आणि ते ‘आम्ही सांगतो म्हणून’ यापेक्षा बरे असावे लागेल.

असे कारण मिळविणे अवघड नाही. अनेक महाविद्यालयांत प्रथम वर्ष वाणिज्यच्या दोन तुकड्या असतात, अर्थशास्त्राला दोन्हींकडे एकच प्राध्यापक असतो आणि सत्रान्त परीक्षेची प्रश्नपत्रिकाही एकच असते. तुकड्या बारावीच्या गुणांवरून न पाडता चिठ्ठ्या टाकून पाडाव्यात; एकीत पडदे बंद ठेवावेत, दुसरीत प्रचलित रीत चालू द्यावी, आणि सत्राच्या अखेरीस दोन्हींच्या गुणांची सरासरी काढावी. त्यासाठी अनुदान लागत नाही की विद्यापीठाकडे प्रस्तावही पाठवावा लागत नाही. हजेरीपटावर एक रकाना तेवढा जादा आखावा लागेल.