लोकरीच्या झाडाची बातमी

दिवाळीच्या आगेमागे पुसदहून कोणत्याही वाटेने निघा, काळ्या रानात पांढरी बोंडं फुटलेली दिसतात. वेचणीआधी शेतात सीतादही होतं, मग बायांच्या ओट्या भरतात, घरात कापसाचे ढीग लागतात आणि गाड्या जिनिंगकडे निघतात. पऱ्हाटी आपल्या इतकी रोजची, की तिचं नवल वाटायचं राहूनच जातं.

पण कापूस कधी पाहिलाच नाही असा माणूस डोळ्यांपुढे आणा. अंगावर घालायला त्याच्याकडे मेंढीची लोकर आहे, नाहीतर जवसाच्या देठांतून काढलेल्या धाग्याचं कापड. अशा माणसाला कुणी सांगितलं, की पूर्वेकडे एक देश आहे आणि तिथे लोकर झाडाला लागते, तर?

ही बातमी ऐकून लिहून ठेवणारा ग्रीक माणूस म्हणजे हेरोडोटस. जन्म इ.स.पू. 484 च्या सुमारास, हॅलिकार्नासस गावचा. आजच्या तुर्कस्तानातलं बोद्रुम. ग्रीक आणि इराणी यांची युद्धं का झाली, हे शोधता शोधता त्याने एक प्रचंड ग्रंथ लिहिला. पुढे त्याचे नऊ भाग पाडले गेले. आपल्या कामाला त्याने शब्द वापरला ‘हिस्टोरिया’. त्याचा तेव्हाचा अर्थ चौकशी, विचारपूस. आपला ‘इतिहास’ म्हणतो, ‘असं असं घडलं’. त्याचा शब्द म्हणतो, ‘जा, विचारून ये.’

तो भारतात कधी आला नाही. मग कापूस त्याच्यापर्यंत पोचला कसा? त्याचं गाव इराणी साम्राज्यात होतं आणि त्या साम्राज्याचं पूर्वेचं टोक सिंधूच्या खोऱ्यात. सम्राट दारयवहूने सिंधू नदी समुद्राला कुठे मिळते ते पाहायला माणसं धाडली; त्यांत स्कायलॅक्स नावाचा दर्यावर्दी होता, हेरोडोटसच्याच मुलखातल्या कारियांडाचा. अशा वाटांनी गोष्टी पश्चिमेला जात. हेरोडोटस लिहितो, की तिथल्या रानटी झाडांना लोकर येते, ती मेंढीच्या लोकरीहून देखणी आणि सरस असते आणि भारतीय लोक तिचेच कपडे घालतात. इ.स.पू. 480 मध्ये ग्रीसवर चालून आलेल्या इराणी फौजेतही त्याने भारतीय सैनिक नोंदवले आहेत: अंगात सुती कपडे, हातात वेताची धनुष्यं.

याच भारताबद्दल तो आणखी एक गोष्ट सांगतो. तिथल्या वाळवंटात कुत्र्याहून लहान पण कोल्ह्याहून मोठ्या मुंग्या बिळं खणतात आणि उकरलेल्या वाळूत सोनं निघतं! अशा गोष्टींमुळे पुष्कळांनी त्याला थापाड्या ठरवलं. पण लोक सांगतात ते सांगणं माझं काम, ते सगळं खरं मानायला मी बांधलेला नाही, असं त्याने स्वतःच लिहून ठेवलंय. गंमत अशी, की त्याने न मानलेलंही कधी खरं निघतं. आफ्रिकेला वळसा घालणारे फिनिशियन खलाशी म्हणाले, पश्चिमेला जाताना सूर्य आमच्या उजव्या हाताला होता. त्याला ते पटलं नाही, तरी त्याने ते गाळलं नाही. विषुववृत्ताच्या दक्षिणेला तसंच दिसतं; त्या सफरीचा सगळ्यांत बळकट पुरावा आज तोच मानतात.

आणि ‘झाड’? पऱ्हाटी तर कमरेएवढी, हंगाम संपला की उपटायची. पण अंगणातला देवकापूस आठवा. माणसाहून उंच वाढतो, वर्षानुवर्षं उभा असतो आणि त्याच्या कापसाच्या वाती देवापुढे जळतात. आपल्या एका देशी कापसाचं शास्त्रीय नावच ‘गॉसिपियम आर्बोरियम’, म्हणजे झाडासारखा कापूस. जर्मन लोक तर कापसाला अजून ‘बाउमवोल’ म्हणतात: झाडाची लोकर. ऐकीव माहितीवर लिहिणाऱ्याचा नेम फारसा चुकला नव्हता.

भारताच्या नवलांमध्ये हेरोडोटसने आधी सोनं मोजलं आणि लगेच पुढे झाडाची लोकर. वऱ्हाडाने दोन्ही एकाच नावात बसवली: पांढरं सोनं.