नावांचा प्रवास (भाग सातवा) : शरीफ

गेल्या आठवड्यात 'शाह' या फारसी शब्दाचं बोट धरून आपण शहाजीराजांपर्यंत पोचलो. त्यांच्या धाकट्या भावाचं नाव बाकी राहिलं होतं. ते शरीफजी.

'शरीफ' हे अस्सल अरबी नाव. श-र-फ या तीन व्यंजनांचं मूळ उंची आणि मानमरातब सांगतं. करीम, रहीम, लतीफ यांच्याच साच्यात ते ओतलं की 'शरीफ' होतं : थोर, कुलीन. सन्मानित तो 'मुशर्रफ', अधिक थोर तो 'अशरफ'. 'तशरीफ ठेवा' म्हणताना आपण पाहुण्याला त्याच्या येण्याने घराचा मान वाढवायला सांगत असतो. 'अशरफी' हे सोन्याचं नाणंही याच घरातलं. 1425 मध्ये इजिप्तचा सुलतान अल-अशरफ बार्सबाय याने पाडलेल्या मोहरेवरून ते नाव रूढ झालं. अरबस्तानात पैगंबरांच्या वंशजांना 'शरीफ' ही पदवी होती. पुढे पदवीचं नाव झालं आणि सूफींबरोबर ते दख्खनेत उतरलं.

अहमदनगरजवळ दर्गा दायरा इथे शाह शरीफ या अवलियाची कबर आहे. मालोजीराजे भोसल्यांना मूल होत नव्हतं, या अवलियाच्या कृपेने दोन मुलगे झाले आणि त्याचंच नाव दोघांत वाटलं गेलं, अशी परंपरा सांगते. 'शाह'चा शहाजी झाला, 'शरीफ'चा शरीफजी. एका 'जी'ने दोन्ही परकी नावं मराठी घरात मुरली. शरीफजी 1624 मध्ये भातवडीच्या लढाईत पडले, तेही नगरच्याच परिसरात. शहाजीराजे पुढे आदिलशाहीत गेले. 1638 मध्ये रणदुल्लाखानाने बंगळूर घेतलं आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आलं.

बंगळूरच्या या घरातून शहाजीपुत्र एकोजी तंजावरला गेले. त्यांच्या एका मुलाचं नाव शहाजी, दुसऱ्याचं शरफोजी. आजोबा आणि चुलतआजोबांची जोडी नातवंडांत पुन्हा उभी राहिली. 'शरफोजी' म्हणजे शरीफजीच. एकोजी, मालोजी यांच्या चालीवर बसवलेला. हे पहिले शरफोजी 1712 ते 1728 गादीवर होते.

खरी गंमत पुढे आहे. तमिळ लिपीत 'फ'ला वेगळं अक्षर नाही. प, ब, भ, फ सगळ्यांना एकच अक्षर, आणि दोन स्वरांच्या मधे ते बहुधा 'ब'सारखं वाचलं जातं. तेव्हा शरफोजीचा 'शरबोजी' झाला. संस्कृत पंडितांना त्यात 'शरभ' दिसला : नृसिंहाला आवरणारा, शिवाचा अवतार मानला गेलेला अद्भुत पशू. कुंभकोणमजवळ त्रिभुवनमच्या देवळात त्याची स्वतंत्र पूजा होते. मग नाव 'शरभोजी' लिहिलं जाऊ लागलं, आणि सरस्वती महाल ग्रंथालय ज्यांनी भरभराटीला आणलं ते दुसरे शरफोजी (कारकीर्द 1798 ते 1832) काव्यात 'शरभेंद्र' झाले. अरबी कुलीन माणूस आठ पायांचा शिवावतार झाला, आणि कुणाला काही खटकलं नाही. नाव ज्या तोंडी जातं, त्या तोंडाचा अर्थ घेतं.

आज बंगळुरात हे नाव कोणत्या तोंडी आहे? मल्लेश्वरममध्ये आमच्या शेजारच्या अज्जींना विचारलं, "शरीफ म्हटलं की कोण आठवतं?" मला वाटलं, एखाद्या शेजाऱ्याचं नाव सांगतील. त्या म्हणाल्या, "नम्म शरीफज्ज!" म्हणजे आमचे शरीफ आजोबा. हे आजोबा म्हणजे संत शिशुनाळ शरीफ (1819–1889), आताच्या हावेरी जिल्ह्यातले. गुरू गोविंदभट्ट ब्राह्मण, शिष्य मुसलमान. त्यांची तत्त्वपदं सी. अश्वथ यांच्या आवाजात या शहराच्या घराघरांत पोचली. 1990 साली टी. एस. नागाभरण यांनी त्यांच्यावर चित्रपट केला; त्यात गोविंदभट्ट होते गिरीश कार्नाड.

अज्जींनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती मला ठाऊक नव्हती. आपला तुकोबा अभंगाच्या शेवटी 'तुका म्हणे' असं म्हणतो. शरीफज्जंच्या पदाच्या शेवटी मुद्रा असते 'शिशुनाळधीश', गावच्या देवाची. स्वतःचं नाव त्यांनी पदाबाहेरच ठेवलं. ते लोकांनी जपलं.

(पुढच्या आठवड्यात : हैदर)